वाट विचारायचा खेळ

हैसम चोरून खेळायचा. पस्तिशीतला, लग्न झालेला माणूस, स्वतःच्या घरात, स्वतःच्या कमाईच्या कॉम्प्युटरवर गेम खेळणार, आणि तरी सुरू करण्याआधी दोनदा तपासणार की मित्रमंडळींच्या ऑनलाइन यादीत आपण 'गैरहजर' दिसतोय ना. सकाळी इंजी औषधाच्या दुकानात कामाला निघाली, तिच्या टाचांचा आवाज जिन्यात विरला, की हा उठून खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा. सिदी बिश्र वस्तीतल्या पाचव्या मजल्यावर डोकावून कोण बघणार होतं देव जाणे. पण पडदा ओढल्याशिवाय त्याचा हात माऊसवर जायचा नाही.

गेम खेळण्याची लाज नव्हती, गेम खेळणं हा तर त्याचा धंदा होता. लाज या एकाच गेमची होती, कारण या गेमचं साऱ्या इजिप्तभर हसं केलं होतं ते यानेच.

हैसमचं गेमच्या परीक्षणांचं चॅनेल होतं. नवा गेम आला की हा तो खेळायचा आणि व्हिडिओत त्याच्यावर बोलायचा. बोलायचा कसला, सालटी काढायचा. समोर टेबलावर एक निळी रबरी चप्पल ठेवलेली असायची. गेम आवडला तर ती जागची हलायची नाही. नाही आवडला तर शेवटी हा ती उचलून गेमच्या चित्रावर फटाफट मारायचा. सुरुवातीला त्याने चांगल्या गेमांची मनापासून स्तुती करणारे व्हिडिओ केले होते, ते कुणी फारसे बघितले नाहीत. चप्पल मात्र लहानथोर सगळे बघत. मग चप्पल वाढत गेली आणि स्तुती आटत गेली. त्याच्या जिभेला हाड कॉलेजातही नव्हतं, आता तिला गिऱ्हाईकही मिळालं.

आणि हा गेम, 'तळ्याकाठचं लग्न', कुठे परमुलखात बनलेला नव्हता. याच शहरातल्या मोहर्रम बे भागात फरशा विकणाऱ्या दुकानाच्या वर एक फ्लॅट आहे, तिथे मूठभर माणसांनी वर्षानुवर्षं खपून तो केला होता. त्यांचा म्होरक्या बिशॉय. बिशॉय म्हणजे हैसमचा इंजिनिअरिंग कॉलेजातला जिवलग. दोघांनी वर्ग बुडवून सायबर कॅफेत एका खुर्चीवर अर्धे अर्धे बसून गेम खेळले होते. परीक्षेत एकाने दुसऱ्याचं पाहून लिहिलं होतं आणि दोघेही नापास झाले होते. हैसमच्या लग्नात घामाघूम होऊन सगळ्यात जास्त नाचला तो बिशॉय.

गेमची गोष्ट साधी. शेहाता नावाचा तरुण बहिणीच्या लग्नाची आमंत्रणं घेऊन तळ्याभोवतीच्या गावांतून हिंडतो. नातेवाईक चहूकडे पांगलेले, निम्म्यांशी जुनी भांडणं. आमंत्रण घेऊन दारात उभं राहिलं की काही जण चहा आणतात आणि काही जण लाठी. मारामारी सगळी लाठीची, वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या इजिप्तात लग्नात खेळतात त्या चालीची. बाकी सारा मुलूख मोकळा पडलेला. होडी घ्या, गाढव घ्या, बोरूच्या बेटांमधून चिखल तुडवत जा, मिठागरांवर जाऊन दिवसभर बसा, कुणी अडवत नाही. फक्त नकाशा नाही. अशा गेममध्ये एरवी पडद्यावर बाण असतो, ठिपका लुकलुकतो, तो इथे नाही. कुठे जायचं ते भेटेल त्या माणसाला विचारायचं.

आता परीक्षकांची रीत अशी, की गेम बाजारात येण्याआधी त्यांना पाठवला जातो आणि ठरलेल्या क्षणी सगळ्यांचे व्हिडिओ एकदम बाहेर पडतात. जो मागे राहिला त्याला कुत्रं विचारत नाही. त्या आठवड्यात हैसमकडे आणखी दोन गेम आले होते, दोन्ही मोठ्या कंपन्यांचे. बिशॉयच्या गेमच्या वाट्याला एक दुपार आली. तेवढ्या वेळात आमचे परीक्षकसाहेब गावाबाहेरच्या पुलापर्यंत पोचले. कोळ्याला मिठागराची वाट विचारली, त्याने हात लांब करून ठामपणे पूर्वेला धाडलं. पूर्वेला दलदल. दलदलीतून निघून एका सायकलवाल्याला विचारलं, त्याने तितक्याच ठामपणे पश्चिमेला धाडलं. तिकडे बंद फाटक. तिसऱ्याने सांगितलं, सरळ जा, बाशा, म्हणजे साहेब. सरळ गेला तर शेहाता कालव्यात.

झालं. व्हिडिओत हैसमने जाहीर केलं की गेम मोडका आहे, करणाऱ्यांना आपलीच गावं कुठे ठेवली ते आठवत नाही. कालव्यात पडण्याचं दृश्य त्याने पुन्हा पुन्हा दाखवलं, प्रत्येक वेळी तोंड वेडंवाकडं करून "सरळ जा, बाशा" म्हटलं, आणि शेवटी चप्पल अशी मारली की तिचा पट्टा तुटला. ते "सरळ जा, बाशा" गावभर झालं. मायक्रोबसवाले एकमेकांना ओरडून सांगायला लागले. इंजीच्या दुकानात लोक गोळ्या घेता घेता म्हणायचे. गेम विकत घ्यायला मात्र कुणी फिरकलं नाही. व्हिडिओ टाकला त्या संध्याकाळी बिशॉयचा फोन आला नाही, नंतरही आला नाही, आणि हैसमनेही केला नाही. धंदा म्हणजे धंदा, मनाला लावून घ्यायचं नसतं, असं तो स्वतःला बजावत राहिला. मनाला लावून घ्यायचं नाही हे नेहमी मारणाऱ्यालाच कसं सुचतं, कोण जाणे.

वर्षाअखेरीला 'यंदाचे सगळ्यात भिकार गेम' असा व्हिडिओ करायचा ठरला. कालव्याचं दृश्य वापरून वापरून शिळं झालेलं, नवं काहीतरी पाहिजे म्हणून हैसमने गेम पुन्हा उघडला. पुलापाशी एक म्हातारी कणसं भाजत बसलेली होती. मागच्या खेपेला घाईत तिच्याकडे त्याचं लक्षही गेलं नव्हतं. त्याने तिला मिठागराची वाट विचारली. म्हातारीने आधी कणीस उलटवलं, शेहाताकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही रे माहीत मला, लेकरा. खोटं कशाला सांगू? तो होडीवाला गेला असेल तिकडे, त्याला विचार."

हैसमचा हात थांबला. इथे माणूस एकवेळ आपली जमीन देईल, पण 'मला माहीत नाही' म्हणणार नाही. वाट विचारणाऱ्याला रिकाम्या हाती परत कसं पाठवायचं? म्हणून माहीत नसलं तरी सांगायचं, हात लांब करून, खात्रीने. मागच्याच महिन्यात तांता गावाहून आलेल्या एका कुटुंबाने कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, त्याला किल्ल्याचा रस्ता विचारला होता. हा मोबाइलमध्ये गुंतलेला. त्याने मान वर न करता त्यांना पोराबाळांसकट मुंतझाच्या बाजूला पिटाळलं होतं, किल्ला दुसऱ्या टोकाला. आणि हाच शहाणा गेममधल्या कोळ्याला मोडका म्हणाला होता.

मग तो खेळत राहिला, आणि त्याला दिसायला लागलं. ज्यांना वाट माहीत नसते ते चटकन सांगतात आणि हात फार हलवतात. ज्यांना माहीत असते ते आधी थांबतात, कुणाकडे जायचंय ते विचारतात, आणि चार पावलं सोबत चालत येतात. लाठीतही तसंच. हैसमने पहिल्या खेपेला सगळ्यांना झोडपून काढलं होतं, आणि ज्याला झोडपलं तो मुद्दाम चुकीची वाट सांगतो. लाठी उचलण्याआधी सलाम केला, मापात खेळलं, वेळ आली तेव्हा हार मानली, की तोच माणूस घरात नेऊन जेवू घालतो, वर भावजय कुठे राहते तेही सांगतो. हरण्यात फायदा असलेला गेम हैसमने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पहाटे तळ्यावर धुकं असायचं तेव्हा वल्ह्याच्या आवाजावरून होडी ओळखता यायची. एकदा तर तो आमंत्रण द्यायचं विसरून एका म्हशीच्या मागे मागे दुपारभर हिंडला आणि त्या नादात एक आख्खं गाव सापडलं, जिथे शेहाताची चुलत आत्या निघाली. इतकी मजा त्याला सायबर कॅफेतल्या त्या अर्ध्या खुर्चीनंतर आली नव्हती.

वर्षाअखेरीच्या व्हिडिओतून त्याने हा गेम गुपचूप वगळला. बस, तेवढंच केलं. पुढे यायला पाहिजे होतं, चुकलो म्हणायला पाहिजे होतं, ते त्याला रोज वाटायचं आणि रोज तो पडदा ओढून खेळायला बसायचा. चपलेवाला हैसम माफी मागतो म्हटल्यावर लोक त्याच्यावरच चप्पल काढतील ही धास्ती होती. आणि जितके दिवस गेले तितकं ते जड होत गेलं. शेवटी अब्बासमामा सोडून सगळे पाहुणे लग्नाला बोलावून झाले. अब्बासमामा म्हणजे शेहाताच्या आईचा रुसलेला भाऊ. तो कुठे राहतो ते कुणीच सांगत नाही, नाव काढलं की लोक विषय बदलतात.

घरात हे फक्त इंजीला माहीत होतं. ओट्यावरचे चहाचे ग्लास आणि नवऱ्याचा चेहरा बघून तिने महिन्याभरातच ओळखलं. तिने टोमणे मारले, मग तिलाही गोडी लागली. घरी आली की चपला काढता काढता विचारायची, आज कुणाला आमंत्रण दिलं, मामा सापडला का. एकदा जेवताना तिने सरळ विचारलं की बिशॉयला कधी सांगणार. हैसम म्हणाला, सांगतो. तिने पुन्हा विचारलं नाही.

त्या सोमवारी सकाळी मामा सापडला. हैसम आनंदाने खोलीभर फिरला, सांगायला कुणी नव्हतं म्हणून इंजीला दुकानात फोन केला. आणि त्याच दुपारी, ती घरी येऊन जेमतेम चहाचं आधण ठेवते तोच, दारावर बिशॉय.

तो वाळला होता. हातात मिठाईचा खोका, दोरीने बांधलेला. बिशॉय ख्रिस्ती, ईस्टरआधीचा त्याचा मोठा उपास चालू होता, दूधतूपही वर्ज्य, म्हणजे खोक्यातलं तो स्वतः खाणार नव्हता, तरी मित्राच्या घरी हात हलवत कसं यायचं म्हणून आणलेलं. इंजीने त्याला बिनदुधाचा चहा ठेवला. हवापाणी झालं, बिशॉयच्या आईची चौकशी झाली, मग बिशॉयने ग्लास बाजूला ठेवला आणि मुद्द्यावर आला. आखातातली एक मोठी कंपनी गेम विकत घेऊन नव्याने सगळीकडे काढायच्या विचारात आहे. गुरुवारी त्यांचा निर्णय. नाही म्हणाले तर मोहर्रम बेचा फ्लॅट महिनाअखेरीला सोडायचा, सगळ्यांनी आपापली वाट धरायची. कंपनीच्या माणसाला गेम आवडलाय, पण तो म्हणाला की गेमचं नाव शोधलं की पहिली दिसते ती चप्पल.

"मी तुला तो व्हिडिओ काढ म्हणायला आलो नाही," बिशॉय म्हणाला. "नाही आवडला तर नाही आवडला, तुझा हक्क आहे. माझं एवढंच म्हणणं आहे, एकदा पुलाच्या पुढे खेळ. मग काय वाटेल ते बोल. पुन्हा चप्पल मारलीस तरी मी ब्र काढणार नाही."

हैसमच्या ओठांवर आलं होतं, बिशॉय, मला आज मामा सापडला. सगळं वाक्य तयार होतं. पण ते बोललं की पुढचा प्रश्न येणार, किती दिवस खेळतोयस. मग त्याच्या पुढचा, एवढे दिवस गप्प का बसलास. मित्र वाळत होता आणि हा पडद्याआड बसून त्याच्याच गेममध्ये म्हशीमागे हिंडत होता, हे तोंडाने कसं सांगायचं?

"बघतो," तो म्हणाला. "पण हल्ली वेळच मिळत नाही रे."

"पुलाच्या पुढे कधी गेलाच नाहीस?"

"नाही ना. एक दुपार खेळलो होतो, तेवढंच."

इंजी उपासाची तिळाची हलवा वडी घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं. ती आत आली, बशी बिशॉयसमोर ठेवली, "घ्या ना, इंजिनिअरसाहेब, यात दूध-तूप काही नाही," म्हणाली आणि नवऱ्याकडे न बघता स्वयंपाकघरात निघून गेली. बिशॉयने एक तुकडा खाल्ला, आभार मानले, वेळ काढता आला तर बघ म्हणाला आणि उठला. दारात त्याने हैसमला मिठी मारली. हैसमला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

दार लागल्यावर इंजी ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. हैसमने काहीतरी बोलायला सुरुवात केली, की अचानक विचारल्यावर माणूस गोंधळतो, वगैरे.

"चॅनेलवर तू काय बोलतोस त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "तो तुझा धंदा. पण आपल्या घरात बसलेल्या माणसाशी तू माझ्यासमोर खोटं बोललास. मला त्याला वडी देताना वर बघवेना."

मंगळवारी हैसमने लिहायला घेतलं आणि खोडलं. बुधवारी दुपारी मात्र मनाचा हिय्या करून कॅमेऱ्यासमोर बसला. चप्पल उचलून पलंगाखाली टाकली. विनोद नाही, वेडीवाकडी तोंडं नाहीत. तो सांगत गेला की मी घाई केली, गेम मोडका नाही, मी मोडका खेळलो. कणसंवाल्या म्हातारीबद्दल बोलला, हरून जिंकायच्या लाठीबद्दल बोलला, धुक्यातल्या वल्ह्यांबद्दल बोलला, अब्बासमामाच्या घराबद्दल बोलला. लग्नाच्या रात्री सगळ्या तळ्यावरून होड्यांतून कंदील येताना दिसतात, आणि ज्यांना आपण फक्त वाट विचारली होती तेही न बोलावता येतात, हे सांगताना त्याचा आवाज कापला. कित्येक वर्षांनी तो कॅमेऱ्यासमोर मनातलं बोलत होता.

पण एक गोष्ट त्याने केली, आणि तीच अंगाशी आली. गेमच्या दृश्यांत वरच्या कोपऱ्यात एकूण किती खेळलं आणि कधीपासून ते लिहून येतं. तो कोपरा त्याने प्रत्येक दृश्यातून कापून टाकला. बिशॉयला वाटावं की आपण सोमवारनंतर, त्याच्या शब्दाखातर खेळलो. माफीही मागावी आणि खोटंही झाकावं, असा दुहेरी बेत. लाज माणसाला कसली कसली हुशारी शिकवते.

व्हिडिओ टाकला आणि तासाभरात लोक हसत सुटले. चपलेवाला हैसम रडवेला होऊन एका मोडक्या गेमची आरती ओवाळतोय, यापेक्षा मोठी थट्टा कोणती? उस्तादांनी यावेळी चप्पल न उचलता मारली, असं लिहून आलं. आवाज कापला तिथे तर कुणी नाचाचं संगीत घालून फिरवलं. वर्षभरातला सगळ्यात भारी व्हिडिओ, म्हणे. हैसम एकेकाला खाली उत्तर द्यायला लागला की मी खरंच बोलतोय, मनापासून बोलतोय. तेही लोकांना आवडलं. किती ताणतोय बघा, शेवटपर्यंत सोडत नाही.

गुरुवारी कंपनीचं 'नाही' आलं. ते त्याला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. बिशॉयचा आला तो फक्त निरोप, मोबाइलवर, चार ओळींचा. "दोन दिवसांत अब्बासमामापर्यंत कुणी पोचत नाही, हैसम. कुणाकडून ऐकून बोललास माहीत नाही. तुला मोकळं सांगितलं होतं, आवडलं नाही तर नाही म्हण. पण मी तुझ्या घरी येऊन हात जोडले, त्याचाही तू विनोद केलास. पुरे आता."

हैसमने तो निरोप इंजीला दाखवला. तिने वाचला आणि मोबाइल परत दिला. काय करू म्हणून विचारलं तर म्हणाली, तुला माहीत आहे काय करायचं ते. आणि खरंच माहीत होतं. बिशॉयला हे पटवायचं की आपण खिल्ली उडवली नाही, तर एकच पुरावा होता, तो कापलेला कोपरा. पण तो दाखवला की सोमवारचं खोटं उघडं पडणार. गप्प बसलं तर बिशॉयच्या मनात तो नुसता टवाळ राहणार होता, दाखवलं तर त्याहून वाईट काहीतरी. रात्रभर कूस बदलून सकाळी त्याने कॉम्प्युटर पिशवीत घातला आणि ट्राम पकडली.

मोहर्रम बेच्या फ्लॅटमध्ये टेबलं भिंतीला लावून ठेवली होती, वायरी गुंडाळून खोक्यांत भरलेल्या. बिशॉय एकटाच होता, भिंतीवरची तळ्याची चित्रं उतरवत होता. हैसमला बघून त्याने ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. हैसमने टेबलावर जागा करून कॉम्प्युटर उघडला, गेम लावला आणि न कापलेला कोपरा त्याच्यासमोर धरला.

बिशॉयने वाचलं. त्याने बराच वेळ वाचलं, एवढ्याशा आकड्यांना लागतो त्याहून खूप जास्त वेळ.

"म्हणजे सोमवारी मी आलो तेव्हा तू खेळत होतास."

"हो."

"मामाही सापडला होता?"

"त्याच दिवशी. सकाळी."

हैसम वाट बघत उभा राहिला. आता काय ते होऊन जाऊ दे असं त्याला वाटत होतं. पण बिशॉय खुर्ची ओढून बसला आणि त्याने भलतंच विचारलं.

"कसा सापडला?"

हैसमला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं. सगळीकडे विचारून थकलो, शेवटी विचारायचं सोडून दिलं. कणसंवालीपाशी नुसता बसायला लागलो. काही न बोलता. एक दिवस तीच म्हणाली, अब्बासला शोधतोयस ना, चल, आणि विस्तवावर पाणी टाकून उठली. बिशॉय पुढे सरकला. ती उठते हे कुणाला सापडेल की नाही यावर आम्ही इथे किती भांडलो होतो, तो म्हणाला, निम्मे म्हणत होते काढून टाका, कोण बसणार आहे गेममध्ये नुसतं. मामाच्या दारात कुत्रा भुंकला का? शेहाताने आधी आमंत्रण काढलं की आधी बसला? मामा शेवटी पागोटं बांधतो तेव्हा त्याचे हात थरथरतात, ते दिसलं का? हैसमला सगळं दिसलं होतं. त्याने हातांचं सांगितलं, पागोट्याचा सुटलेला पदर सांगितला, आणि बिशॉय हसला, तोंडभर हसला. दोघं एका पडद्यापुढे खांद्याला खांदा लावून बसले. बिशॉय म्हणायचा इथून जा, हैसम म्हणायचा गप रे, मला माहीत आहे, आणि खाली फरशांच्या दुकानात करवत चालू व्हायची आणि बंद व्हायची. हैसमला वाटलं, सुटलो.

मग बिशॉय उठला आणि त्याने उरलेलं चित्र भिंतीवरून उतरवलं. हैसम म्हणाला की तो नवा व्हिडिओ करेल, कोपरा दाखवून, सोमवारचंही सगळं सांगून, आजच करेल. बिशॉयने नकारार्थी मान हलवली. म्हणाला, कर नाहीतर नको करू, आता त्याने काही होत नाही, पोरांना दुसऱ्या नोकऱ्या बघायला सांगितल्या आहेत.

"एक सांगतो," तो चित्र गुंडाळत म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तुझ्यासारखं कुणी खेळलं नाही. मी केलं ते सगळं तुला दिसलं, मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. पण तुला सगळं दिसत होतं आणि तू माझ्यासमोर बसून नाही म्हणालास. गेम कळला नाही म्हणून चप्पल मारली असतीस तर मी विसरून गेलो असतो. आता तू घरी येऊ नकोस, हैसम. आईलाही भेटायला येऊ नकोस. ती विचारेल तर मी काहीतरी सांगेन."

हैसम हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्याने कॉम्प्युटर पिशवीत भरला. वायर सापडेना, तर बिशॉयनेच खोक्यामागून काढून गुंडाळून दिली. दारापर्यंत सोडायला आला. जिन्यात भरदिवसा अंधार असतो, म्हणून त्याने मोबाइलचा उजेड पायऱ्यांवर धरला आणि हैसम खाली पोचेपर्यंत धरून ठेवला, कुठल्याही पाहुण्यासाठी धरतात तसा. त्याने शिव्या घातल्या असत्या तर हैसमला त्या उजेडात उतरणं इतकं कठीण गेलं नसतं.